खाडीतले चार पिंजरे आणि हूद: एक प्रकरण अभ्यास

हे प्रकरण सिंधुदुर्ग जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावातलं, माशांच्या पिंजऱ्यांवर आलेल्या हुदांचं, म्हणजे पाणमांजरांचं. गावाचं, गटाचं, माणसांचं नाव दिलेलं नाही आणि ओळख पटेल असे एकदोन तपशील बदलले आहेत. त्या वर्षी मी गटाला पिंजऱ्यातलं मत्स्यपालन शिकवायला जात होतो. त्यामुळे बरंचसं डोळ्यांदेखत घडलं, उरलेलं गटातल्या बायकांनी सांगितलं.

पार्श्वभूमी

गट नऊ बायकांचा. अध्यक्षबाईंना सगळा गाव वहिनी म्हणतो, इथेही तेच म्हणतो. २०१७ साली राज्य शासनाने कांदळवन संवर्धन आणि उपजीविका निर्माण योजना सुरू केली. त्यानंतर कोकण किनाऱ्यावर खेकडेपालन, कालवंपालन आणि जिताड्याचे तरंगते पिंजरे यांची बरीच चर्चा झाली, या बायकांनीही ती ऐकलेली होती. रायगडात ज्याला जिताडा म्हणतात, गोव्यात चोणक, तो हा मासा. खाऱ्या पाण्यात वाढतो, निमखाऱ्यातही वाढतो आणि बाजारात भाव चांगला मिळवतो.

लोखंडी पाइपांच्या चौकटी, खाली निळे ड्रम, आत नायलॉनच्या जाळीची पिशवी, असे चार पिंजरे. दोन खाडीच्या मोकळ्या पात्राकडे, दोन कांदळाच्या झाडीला लागून. झाडीकडची जागा वहिनींनीच निवडली होती, कारण तिथे उधाणाचा जोर कमी लागतो आणि होडी लावायला सोपं जातं. ऑक्टोबरमध्ये प्रत्येक पिंजऱ्यात ४०० पिल्लं सोडली, एकूण १,६००. मेलेला मासा निघाला की वहीत लिहायचा, हा नियम पहिल्या दिवसापासून होता. तोच पुढे उपयोगी पडला.

आता हुदाबद्दल, कारण नावातच मोठा गोंधळ आहे. पुस्तकात याला पाणमांजर म्हणतात, आपल्याकडे हूद किंवा ऊद. उदमांजर मात्र निराळंच जनावर: ते झाडावर चढतं, फळं खातं आणि रात्री कौलांवर धावतं. वन खात्याला पहिला फोन गेला तेव्हा पलीकडच्या माणसाने ‘उदमांजर’ ऐकलं आणि ‘घाबरू नका, निघून जाईल’ असं सांगून फोन ठेवला. त्यात दोन दिवस गेले. हूद मांजराच्या कुळातलंही नाही. ते मुस्टेलिडी कुळातलं, म्हणजे आपल्याकडच्या चांदी अस्वलाचं (हनी बॅजर) नातलग. मुंगूस दिसायला जवळचं वाटतं, पण त्याचं कुळ वेगळं.

आमच्या खाडीतला हूद मुलायम केसांच्या जातीचा. पूर्ण वाढलेला ७ ते ११ किलोंचा, शेपटी खालून चपटी, बोटांमध्ये पडदे. तो एकटा क्वचितच हिंडतो. नर, मादी आणि मोठी झालेली पिल्लं असं कुटुंबच एकत्र शिकार करतं. मासे कोपऱ्यात रेटून आणायचे आणि मग एकेक उचलायचा, ही त्यांची रीत. पिंजऱ्यात मासे आधीच कोपऱ्यात असतात.

काय घडलं

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात चौथ्या पिंजऱ्यातले मासे खाद्यावर येईनात. जिताडा उपाशी असला की पाण्यावर झेप घेतो, चिरलेली मासळी पाण्याला टेकण्याआधीच पकडतो. त्या सकाळी पाणी गप्प होतं. जाळी वर ओढली तर तळापासून हातभर उंचीवर मुठीएवढं भोक. कडा कापल्यासारख्या नव्हत्या, दोरा दोरा विसकटलेला होता. पण आम्ही तेव्हा कडांकडे नीट पाहिलं नाही.

पहिला संशय माणसावर गेला. वरच्या वाडीतल्या दुसऱ्या गटाशी जागेवरून आधीच कुरबूर होती. त्या संध्याकाळी वहिनींचे दीर तावातावाने त्यांच्या दारात गेले आणि बोलू नये ते बोलून आले. दुसऱ्या दिवशी पोलीस पाटलांकडे तक्रार द्यायची असंही ठरलं.

हा पहिला निर्णयाचा क्षण. तक्रार गेली नाही ती केवळ आबांमुळे. आबा सत्तरीचे, आयुष्यभर पाग (फेकजाळं) टाकून शेवटे मासे मारलेले. ओहोटीला ते खारबांधावर, म्हणजे खारं पाणी अडवणाऱ्या मातीच्या बांधावर, चालत गेले आणि मला हाक मारली. बांधाच्या उंचवट्यावर, तिवराच्या मुळांशी, गवत तुडवून सपाट केलेली परातीएवढी जागा होती. तिच्यावर काळपट हिरव्या विष्ठेचे ढीग, काही ताजे, काही उन्हाने पांढरे पडलेले. काडीने फोडलं तर आत खवले, माशांचे काटे, कुर्ल्यांच्या कवचाचे तुकडे. वास सुक्या मासळीचा, त्यात कस्तुरीसारखं काहीतरी मिसळलेलं. खाली चिखलात पाच बोटांचे ठसे आणि मध्ये शेपटी ओढल्याची रेघ.

‘ह्यां माणसाचां काम नाय,’ आबा म्हणाले. ‘हूद इलो.’

हूद सगळ्यांनी मिळून एकाच जागी विष्ठा टाकतात, तीच त्यांची हद्दीची खूण. अशी जागा सापडली की कॅमेरा कुठे लावायचा हे ठरवायला वेळ लागत नाही. एका महाविद्यालयातल्या प्राध्यापकांनी दोन कॅमेरे उसने दिले. चौथ्या रात्री दीड वाजता चार हूद चौकटीवर चढलेले दिसले. एक ड्रमवर बसून जिताडा पुढच्या दोन पायांत धरून डोक्याकडून खात होता.

कोणते पर्याय होते

बैठक वहिनींच्या पडवीत झाली. कुणी काय सुचवलं हे लिहितो, कारण प्रत्येक सूचनेमागे कुणाचा तरी अनुभव होता.

सर्वांत आधी विष. घरात शेतीच्या औषधाचे दाणे पडलेले होते, माशात भरून ठेवायचे की काम झालं. बोलणारी बाई दुष्ट नव्हती, तिने बचतीतले पैसे घातले होते. विरोध आला तो दयेपोटी नाही, पाण्यापोटी: त्याच खाडीत आपण पिंजरे लावलेत, कुर्ल्या आपली पोरं पकडतात, कुत्री आणि घारी मेलेलं खातात. विषाचा विषय तिथेच संपला.

मग फासकी. हिच्यावर मतं दोन्हीकडची होती. डुकरासाठी फासकी लावणारी माणसं गावात आहेत आणि हूद ठरलेल्या वाटेनेच पाण्यातून वर येतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. कायदा मी तेव्हा सांगितला: २०२२ च्या दुरुस्तीनंतर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत हूद आहे, शिकार केली तर किमान तीन वर्षांची कैद आणि किमान २५,००० रुपये दंड. सांगितलं खरं, पण उशिरा. एका सदस्याच्या मुलाने आदल्याच रात्री तारेच्या दोन फासक्या लावल्या होत्या. तो बैठकीत मान खाली घालून बसला होता. त्याने स्वतःहून सांगितलं, आणि रात्री नऊ वाजता बॅटरी घेऊन आम्ही तिघे जाऊन त्या काढून आलो. दोन्ही रिकाम्या होत्या.

कुत्रा बांधून ठेवावा असं आणखी एकीने सुचवलं. कुटुंबात असलेले हूद कुत्र्याला भीत नाहीत, उलट अंगावर येतात, आणि कुत्र्यांचे रोग हुदांना लागू शकतात. फटाके आणि दिवे ही सूचना माझी. आठ दिवस वीजबत्त्या लावल्या. पहिल्या दोन रात्री कॅमेऱ्यात काही आलं नाही. तिसऱ्या रात्री हूद उजेडातच चौकटीवर बसून अंग चाटत होते. ती सूचना देताना मी पुरेसा विचार केला नव्हता. रात्रभर दिवे लागल्याने वरच्या वाडीचा राग मात्र वाढला.

हूद पकडून दुसरीकडे सोडावेत, असंही निघालं. वनरक्षकांनी समजावलं की एक कुटुंब नेलं तर मोकळ्या हद्दीत दुसरं येतं, आणि नवीन जागी सोडलेल्यांचे हाल होतात. म्हणजे उरलं ते जाळीचं काम. सगळ्यांत खर्चिक आणि सगळ्यांत कंटाळवाणं.

वहीतला हिशोब

जाळीवर पैसे घालण्यापूर्वी वहिनी म्हणाल्या, ‘आधी गेलंय किती ते बघूया.’ या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं वाक्य मला हेच वाटतं. तोवर सगळे ‘हुदाने निम्मे मासे खाल्ले’ असंच बोलत होते.

चारही पिंजरे एका सकाळी रिकामे करून मोजले. पहिल्यात ३१८, दुसऱ्यात ३२५, तिसऱ्यात २४५, चौथ्यात १४२. एकूण १,०३०. म्हणजे ५७० कमी. वहीत मेलेल्यांची नोंद ९० ची, बहुतेक प्रवासानंतरच्या पहिल्या महिन्यातली. राहिले ४८०.

पण पहिल्या दोन पिंजऱ्यांना एकही भोक नव्हतं, आणि कॅमेऱ्यात हूद तिकडे गेलेले दिसलेच नाहीत. तरी पहिल्यातून ६० आणि दुसऱ्यातून ५४ मासे नोंदीशिवाय गायब होते. ते कुठे गेले? ते त्यांच्याच भावंडांच्या पोटात गेले. जिताडा लहानपणी भावंडं गिळतो. मोठी आणि लहान पिल्लं एकत्र ठेवली की मोठी लहानांना संपवतात, म्हणून दर थोड्या दिवसांनी आकाराप्रमाणे वेगळी करावी लागतात. नोव्हेंबरमध्ये एकदा केली, मग लग्नसराई आली, हात कमी पडले आणि ते काम राहूनच गेलं.

म्हणजे प्रत्येक पिंजऱ्यामागे ५५-६० मासे हूद नसता तरी गेलेच असते. हे वजा केलं तर तिसऱ्या आणि चौथ्या पिंजऱ्यातून भोकांमुळे गेलेले सुमारे २५०. तेव्हा मासा सरासरी दीडशे ग्रॅमचा, म्हणजे ३७-३८ किलो. पूर्ण वाढलेल्या हुदाला दिवसाला साधारण किलोभर मासा लागतो. कॅमेऱ्यांत तीन आठवड्यांत पाच रात्री हूद पिंजऱ्यावर दिसले. चौघांनी त्या पाचही रात्री पोटभर फक्त जिताडाच खाल्ला असं धरलं तरी २० किलो होतात, आणि विष्ठेत कुर्ल्यांची कवचं होती, म्हणजे इतर खाणंही चालू होतं. बाकीचे मासे भोकातून खाडीत निसटले. हूद दोन खातो, भोक रात्रभर उघडं राहतं.

हा कागद पडवीत भिंतीवर लावला तेव्हा बराच वेळ कुणी बोललं नाही. मग विष सुचवणारी बाईच म्हणाली, ‘म्हणजे निम्मं आमचंच चुकलं.’ तिला दोष द्यायचा नव्हता, पण बैठकीचा सूर त्या क्षणी बदलला. हुदावरचा राग उरला तो २५० माशांपुरता.

जाळीचं काम

मूळ जाळी सैल लटकत होती. सैल जाळीला घडी पडते, घडीत हुदाचा जबडा बसतो. म्हणून आधी तळाशी पाइपची चौकट घालून जाळी ताणली. मग बाहेरून जाड दोऱ्याची दुसरी जाळी, दोन्हींत हातभर अंतर, म्हणजे बाहेरून तोंड लावलं तरी आतल्या माशापर्यंत पोचायचं नाही. वर झाकण.

बाहेरची जाळी ताठ असणं आणखी एका कारणासाठी महत्त्वाचं. हूद हवेत श्वास घेणारा प्राणी. पातळ, सैल जाळीत पाण्याखाली अडकला तर काही मिनिटांत बुडून मरतो. आपली जाळी हीच फासकी होऊ नये, हे वहिनींनी प्रत्येकीला वेगळं समजावलं.

या कामाची किंमतही सांगायला हवी. दुहेरी जाळीवर शेवाळ आणि शिंपल्यांची पिल्लं दुप्पट चढतात, पाणी खेळत नाही, मासे वर येऊन तोंड उघडू लागतात. दर आठ-दहा दिवसांनी ब्रशने घासायचं काम वाढलं. भांगाच्या दिवसांत, म्हणजे भरती-ओहोटीचा जोर कमी असतो तेव्हा, तर रोज लक्ष ठेवावं लागलं.

तिसरा आणि चौथा पिंजरा झाडीपासून पात्राकडे सरकवले. संध्याकाळचं खाद्य बंद करून दुपारी द्यायला लागलो, मेलेला मासा सूर्य उगवण्यापूर्वी काढायचा असं ठरलं. ही दोन कामं बिनपैशाची. ती आधीच करायला हवी होती.

बांधातली पिल्लं

फेब्रुवारीत खारबांधाची डागडुजी निघाली. चिखल काढताना फावडं एका पोकळीत गेलं आणि आत दोन पिल्लं होती. पोरांनी ती घमेल्यात घालून वहिनींच्या अंगणात आणली. राखाडी लव, बोटभर पाय, डोळे नुकतेच किलकिले झालेले आणि त्यांवर निळसर झाक. ती सारखी बारीक आवाजात कुईकुई करत होती. कुणीतरी वाटीत गाईचं दूध आणलं.

हा दुसरा मोठा निर्णय, आणि तो पाच मिनिटांत घ्यायचा होता. ठेवायचं, वन खात्याच्या हाती देऊन दूर पाठवायचं, की परत ठेवायचं? पोरांना पाळायची होती. वहिनींनी दूध बाजूला ठेवायला लावलं. इतक्या लहान जिवाला ओतून पाजलं तर दूध फुप्फुसात जातं, आणि गाईचं दूध त्याला सोसतही नाही. मग १९२६ या वन विभागाच्या मदत क्रमांकावर फोन केला. या वेळी ‘पाणमांजराची पिल्लं’ असं नीट सांगितलं. वनरक्षक दोन तासांत आले. पशुवैद्यकाशी फोनवर बोलून त्यांनी ठरवलं: जखम नाही, अंग गरम आहे, आजच्या आजच परत.

पोकळी फावड्याने मोडली होती. तिच्या शेजारीच, भरतीच्या रेषेच्या वर, झावळ्या आडव्या घालून अंधारा आडोसा केला आणि अंगणातल्या माणसांचे हात कमीत कमी लागतील असं पाहत पिल्लं गोणपाटासकट ठेवली. बांधाचं काम थांबवलं. सगळे शंभर पावलं मागे गेले, कुत्री बांधली, बॅटऱ्या बंद.

आठ वाजून गेल्यावर पाण्यावरून शीळ आली. छोटी, तुटक, दोनदा. झावळ्यांतून उत्तर आलं. मादी पाण्यातून वर आली, थांबली, पुन्हा पाण्यात गेली. दुसऱ्या खेपेला तिने एका पिल्लाला मानेच्या कातडीला धरून उचललं आणि कांदळाच्या मुळांत नाहीशी झाली. दुसरं पिल्लू वीस-पंचवीस मिनिटं एकटंच ओरडत होतं. तो वेळ फार लांब गेला. फासक्या लावणारा मुलगा माझ्या शेजारी बसला होता, त्याने माझा दंड घट्ट धरला होता. मग ती परत आली.

जानेवारीतले हल्ले इतके वारंवार का होते, याचा अंदाज मला तेव्हा आला. पिंजऱ्यांपासून दीडशे पावलांवर बिळ, त्यात दूध पिणारी पिल्लं. मादी लांब जाऊ शकत नव्हती, आणि आम्ही तिच्या दारात अन्न टांगून ठेवलं होतं.

निकाल

फेब्रुवारीपासून पुढच्या डिसेंबरपर्यंत बाहेरच्या जाळीला दोनदा भोक सापडलं, दोन्ही वेळा आतली जाळी शाबूत होती. १,०३० पैकी ८७१ मासे विकले. बहुतेक पाऊण किलोच्या आसपास. पावसाळ्यात गढूळ पाण्याने काही मेले, त्यांचीही नोंद आहे. नव्या जाळीचा खर्च वजा जाता पहिल्या वर्षी हाती फारसं काही उरलं नाही, हे लपवण्यात अर्थ नाही. दोन बायका गट सोडून गेल्या. गेलेल्या माशांची भरपाई मिळाली नाही. वेळेवर पंचनामाच झालेला नव्हता, तेव्हा मागायची तरी कशाच्या आधारावर?

हूद अजून येतात. कॅमेऱ्यात मे महिन्यात सहा दिसले, त्यांतले दोन लहान.

पुन्हा करायचं झालं तर

जागा निवडतानाच बांधावरून ओहोटीला एक फेरी मारली असती, विष्ठेची जागा शोधली असती, तर झाडीकडचे दोन पिंजरे तिथे लागलेच नसते. उधाणाचा विचार केला, शेजाऱ्याचा केला नाही.

भोक दिसलं त्या सकाळी जाळीचा फोटो काढून वनरक्षकांना कळवायला हवं होतं. पंचनामा मग झाला असता. कायद्याची माहिती पहिल्या प्रशिक्षणातच द्यायला हवी होती. ती माझी जबाबदारी होती. फासकीत हूद अडकला असता तर एका विशीतल्या मुलावर खटला भरला गेला असता, आणि मी कायदा सांगितला तो त्यानंतरच्या रात्री.

पिल्लं वेगळी करायचं काम आता लग्नसराईतही थांबत नाही. पाळी लावून दिली आहे.

बांधाच्या डागडुजीचा महिना बदलता येईल का, याचा विचार गट अजून करतो आहे. इकडे हिवाळ्यात पिल्लं असतात आणि भातकापणीनंतर बांधाला हात लावायला तोच काळ सोयीचा. सध्या एवढंच करतात की फावडं मारण्यापूर्वी आबा पुढे चालत जाऊन बिळं पाहतात आणि सापडलं तर तेवढा भाग सोडून देतात.

राहिला वरच्या वाडीचा प्रश्न. ‘तुम्ही जाळी कापलीत’ हे शब्द दारात उच्चारले गेले होते, आणि हूद कॅमेऱ्यात दिसल्यावरही कुणी माफी मागायला गेलं नाही. मीही सुचवलं नाही. तो विषय मिटला असं धरून चाललो. यंदाच्या नोव्हेंबरमध्ये त्यांच्या पिंजऱ्यांना भोकं पडल्याचं कानावर आलं, त्यांची जाळी एकेरी आहे. वहिनी दिरांना बरोबर घेऊन गेल्या, दिरांनी चूक कबूल केली, आणि वहिनींनी मोजणीची वही त्यांच्या अध्यक्षबाईंच्या हातात दिली. त्यांनी चहा दिला, बोलल्या फारशा नाहीत. वही अजून त्यांच्याकडेच आहे.